हुकूमनाम्यातली धर्माज्ञा

१८९९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलसमोर हिंदुस्थानातून गेलेली दोन अपिले निकाली निघाली. एक मद्रासकडचे होते, दुसरे अलाहाबादकडचे. वाद इस्टेटीचा होता, पण घोडे अडले होते एका ऋषिवचनावर. एकुलता एक मुलगा दत्तक देऊ नये आणि घेऊही नये, कारण पूर्वजांचा वंश त्याने पुढे चालवायचा असतो, असे वसिष्ठांच्या धर्मसूत्रात सांगितले आहे. इथे तर एकुलता मुलगा दिला गेला होता, घेतलाही गेला होता. मग वसिष्ठांचे 'देऊ नये' हे सांगणे आहे की बंदी? ते मोडणाऱ्याला पाप लागते एवढेच, की दत्तकच रद्द होते? प्रिव्ही कौन्सिलने कौल दिला, की हा उपदेश आहे, कायदा नव्हे, दत्तक वैध. त्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयाने याच वचनावरून नेमका उलटा निर्णय दिला होता.

धर्माज्ञा आणि दिवाणी कायदा यांच्या नात्याबद्दल बोलताना मला हा निकाल नेहमी पहिला आठवतो. त्यात कोणी धर्माची बाजू घेऊन उभा नव्हता आणि कोणी सुधारणेचीही नव्हता. माणसे मालमत्तेसाठी भांडत होती. तरीही न्यायाधीशांना एक अवघड काम करावे लागले. शेकडो वर्षांपूर्वीचे एक वाक्य हातात घेऊन, त्याच्यामागे सरकारी शिपाई उभा करायचा की नाही, हे त्यांना ठरवायचे होते. पुढच्या पानांतले सगळे लेख या ना त्या रूपात याच कामाविषयी आहेत. म्हणून विषयाची ओळख करून देताना मी तत्त्वचर्चेपेक्षा कोर्टात प्रत्यक्ष काय घडले त्याकडे जास्त पाहणार आहे, आणि तेही मुख्यतः आपल्या मुंबई इलाख्यात.

आधी शास्त्रकारांची बाजू. धर्मशास्त्र म्हणजे नुसत्या आज्ञांची यादी, असा समज विरोधकांत आहे तसा अभिमान्यांतही आहे. याज्ञवल्क्यस्मृती उघडली तर तिचे सरळ तीन अध्याय दिसतात: आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. कसे वागावे हे पहिल्यात, भांडण राजाकडे गेले तर कसा निवाडा व्हावा हे दुसऱ्यात, आणि चुकल्यावर मनाची व देहाची शुद्धी कशी करावी हे तिसऱ्यात. कर्ज, ठेव, हद्द, वाटणी यांचे वाद दुसऱ्या अध्यायात येतात. चूक झाली म्हणजे प्रत्येक वेळी राजाने दंड करावा, असे त्या ग्रंथाचे म्हणणे नाही. बऱ्याच चुका माणसाने स्वतःच फेडायच्या आहेत. कोणती आज्ञा कोणाकडून पाळून घ्यायची याची जाण या परंपरेला होती. नारदस्मृती तर त्याहून पुढे जाते. निवाड्याचे धर्म, व्यवहार, चरित्र म्हणजे रूढी, आणि राजशासन असे चार पाय सांगून ती म्हणते, की यांच्यात विरोध आला तर नंतरचा आधीच्यावर मात करतो.

आणि बदलाचे काय? विज्ञानेश्वर अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधिकालात चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणीत बसून याज्ञवल्क्यावर मिताक्षरा ही टीका लिहीत होता. ही कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवच्या शेजारचे. थोरल्या मुलाला वाटणीत जास्त हिस्सा द्यावा, अशी वचने त्याच्यासमोर होती. ती खोटी आहेत असे तो म्हणत नाही. शास्त्रात आहे हे मान्य, पण लोकांना जे नकोसे झाले आहे ते करू नये, असा याज्ञवल्क्याचाच आधार घेऊन तो समान वाटणीचा पक्ष मांडतो. पाहुण्यासाठी बैल मारण्याचे विधानही शास्त्रात आहे आणि ते कोणी पाळत नाही, याचीही तो तिथेच आठवण देतो. इतका निर्भय युक्तिवाद आज एखाद्या वक्त्याने जाहीर सभेत केला तर त्याला पोलीस बंदोबस्त लागेल. कलिवर्ज्यांची यादी हाही असाच एक दरवाजा होता. पूर्वी चालत असलेले नियोगासारखे आचार या युगात वर्ज्य, असे म्हणून परंपरेने जुन्या आज्ञा सन्मानाने बाजूला ठेवल्या. या दरवाजांतून नेहमी चांगलेच आत आले असे नाही. समुद्रप्रवासावरची बंदीही त्यातूनच आली. पण दरवाजे होते.

ते बंद कसे झाले, ही पुढची गोष्ट. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालसाठी ठरवले, की वारसा, लग्न, जात आणि धार्मिक रिवाज यांबाबत मुसलमानांना कुराणाप्रमाणे आणि हिंदूंना शास्त्राप्रमाणे न्याय द्यावा. वरवर पाहता हा मोठा आदर वाटतो. पण शास्त्र म्हणजे कोणते पुस्तक, कोणत्या टीकेसह, कोणत्या प्रांतात, याचे उत्तर साहेबाला एकच आणि पक्के हवे होते. कोर्टात पंडित आणि मौलवी नेमले गेले. त्यांच्यावरचा विश्वास उडाला तसे ग्रंथांचे इंग्रजी तर्जुमे झाले, आणि १८६४ मध्ये पंडितांचे पदच गेले. त्यानंतर शास्त्राचा अर्थ मागच्या निकालावरून ठरू लागला. एकदा उच्च न्यायालयाने किंवा प्रिव्ही कौन्सिलने वचनाचा अर्थ लावला की तो खालच्या कोर्टांवर बंधनकारक झाला. विज्ञानेश्वराला जे करता आले ते आता जिल्हा न्यायाधीशाला करता येणार नव्हते.

मुंबई इलाख्याची वाट थोडी वेगळी होती, आणि तिचा मला अभिमान वाटतो. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळात झालेल्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने क्रम असा लावला: आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारी रेग्युलेशने, ती नसतील तर मुलखाची चाल, ती नसेल तर प्रतिवादीचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्यायबुद्धी. ग्रंथाच्या आधी चाल! त्याच सुमारास आर्थर स्टीलने दख्खनमधल्या जातींच्या चालीरीती गोळा करून छापल्या. ते पुस्तक चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. ज्याला आपण 'हिंदू विवाहाचे पावित्र्य' म्हणतो त्याच्या कितीतरी बाहेर बहुजन समाज नांदत होता. विधवेचा पाट लागत होता, त्याला मोहतूर म्हणत. नवरा-बायकोचे पटले नाही तर पंचांसमोर काडीमोड होत होती, सोडचिठ्ठी मिळत होती. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा ज्यांच्यासाठी क्रांती होता ती घरे समाजात थोडी होती. बाकीच्यांच्या घरी ही क्रांती आजीच्या आजीपासून चालत आलेली होती. खरे तर त्या कायद्याने अशा घरांतल्या बायकांचे नुकसानही केले, कारण पुनर्विवाह करताच पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जाईल असे त्यात एक कलम होते, आणि मुंबईसह काही उच्च न्यायालयांनी ते पाटाची चाल असलेल्या जातींनाही लावले.

म्हणून चालीचे गोडवे गाताना मी जपून बोलतो. चाल नेहमी दुबळ्याच्या बाजूने असते असे अजिबात नाही. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यासमोर खोजा समाजातल्या मुलींचे दावे आले. बापाच्या मालमत्तेत मुलीला मुलाच्या निम्मा वाटा आहे असे कुराण सांगते, तो आम्हाला द्या, एवढेच त्यांचे मागणे. खोजांची चाल मात्र हिंदूंसारखी, मुलींना वारसा न देणारी. पेरींनी चाल उचलून धरली आणि मुली हरल्या. इथे धर्माज्ञा स्त्रीच्या बाजूने होती आणि तिला हरवणारा रिवाज होता. १९३७ चा शरियत कायदा झाला त्यामागे अशा रिवाजांना हटवून स्त्रियांना कुराणातला वाटा मिळवून देण्याचेही एक कारण सांगितले गेले, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. धर्म म्हणजे जुलूम आणि कायदा म्हणजे सुटका, असे सोपे चित्र रंगवणाऱ्यांनी हा निकाल अवश्य वाचावा.

आता रखमाबाई. या विषयावर लिहिणारा माणूस तिच्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही, आणि मलाही इथे जरा सविस्तर थांबायचे आहे. अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजी याच्याशी झाले, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. ती आईकडे, आपले सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिली, शिकली. तिची आई विधवा झाल्यावर पुन्हा लग्न केलेली. सुतार समाजात ती रीत होती. १८८४ मध्ये दादाजीने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, की बायकोने नांदायला यावे. रखमाबाईने नकार दिला. तिचे म्हणणे साधे होते: जाणत्या वयात, माझ्या संमतीने हे लग्न झालेले नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. त्यांचे एक कारण फार महत्त्वाचे आहे. असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाहीच, तो इंग्लंडातून आला आहे, असे ते म्हणाले.

ते खरे होते. नवऱ्याला किंवा बायकोला कोर्टाच्या हुकमाने पुन्हा एकत्र राहायला लावणे हा इंग्लंडमधल्या चर्चच्या कोर्टांचा उपाय. देवाने जोडलेले माणसाने तोडू नये, या ख्रिस्ती समजुतीतून तो निघाला. हुकूम न पाळणाऱ्याला आधी चर्चमधून बहिष्कृत करत, १८१३ नंतर तुरुंगात घालू लागले. हाच उपाय हिंदुस्थानातल्या दिवाणी कोर्टांनी हिंदूंना आणि मुसलमानांनाही लावला. १८८४ साली, दादाजीने दावा लावला त्याच वर्षी, इंग्लंडने अशा हुकमासाठी तुरुंगवास रद्द केला होता. मुंबईत तो चालू राहिला.

पिन्हेंच्या निकालावर आपल्याकडे रान उठले. केसरीने दादाजीची बाजू घेतली. हिंदू धर्म बुडाला, अशी हाकाटी झाली. १८८६ मध्ये अपिलात मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हेंचा निर्णय फिरवला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिनाभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईने तुरुंग पत्करते असे कळवले. शेवटी १८८८ मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत-राजकोटला तिने अनेक वर्षे रुग्णसेवा केली.

आपल्या पूर्वजांनी त्या वेळी धर्म म्हणून जे वाचवले ते इंग्लंडमधल्या पाद्र्यांचे शस्त्र होते. मनूने पतीची सेवा न करणाऱ्या स्त्रीला काय काय सांगितले आहे ते मला माहीत आहे, आणि मी त्याचा अणुमात्र कैवार घेत नाही. पण बायकोला तुरुंगात घालून नांदायला लावा, असे कोणत्याही स्मृतिकाराने राजाला सांगितलेले नाही. शास्त्रातली पतिव्रतेची आज्ञा आणि चर्चमधला एकत्र राहण्याचा हुकूम या दोघांचे मुंबईच्या कोर्टात लग्न लागले आणि त्याला हिंदू कायदा हे नाव मिळाले. या विषयातला माझा मुख्य मुद्दा हाच आहे. धर्माज्ञा कोर्टात शिरली की ती पूर्वीची राहत नाही. तिला समन्स येते, मुदत येते, जप्ती येते, बेलिफ येतो. प्रायश्चित्ताने फिटणारी गोष्ट हुकूमनाम्याने वसूल होऊ लागते. मग त्या हुकूमनाम्याला विरोध करणाऱ्याला धर्मद्रोही म्हणणे हा अन्याय आहे. तो विरोध करतो आहे सरकारच्या शिपायाला.

या गोष्टीला अजून शेवट नाही. तुरुंगवास १९२३ मध्ये गेला, जप्ती राहिली. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला तेव्हा त्यात कलम ९ म्हणून हाच उपाय बसला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात रखमाबाई वारली. इंग्लंडने १९७० च्या कायद्याने हा दावा पुरता काढून टाकला. आपल्याकडे १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने कलम ९ घटनाबाह्य ठरवले, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवले. आज कौटुंबिक न्यायालयाच्या बाहेर कोणत्याही वकिलाला विचारा. बायकोने पोटगी मागितली की नवऱ्याकडून 'नांदायला ये' अशी नोटीस जाते आणि पाठोपाठ कलम ९ चा दावा. नवऱ्याने टाकलेली बायकोही कधी या कलमाचा आधार घेते, तो भाग वेगळा. कोणी खरोखर नांदायला परत येते ते क्वचितच. हुकूम वर्षभर पाळला गेला नाही तर घटस्फोट मागता येतो, यासाठीच तो पुष्कळदा घेतला जातो.

हिंदू कोड बिलाची हकीकत मराठी वाचकाला बरीच ठाऊक आहे. डॉ. आंबेडकरांनी ते लोकसभेच्या पूर्वीच्या संविधान सभेत रेटले, ते रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये चार तुकड्यांत कायदे झाले. मला इथे त्यांची युक्तिवादाची पद्धत तेवढी दाखवायची आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृतीचे दहन त्यांच्याच नेतृत्वाखाली झाले. तोच माणूस सभागृहात मिताक्षरा आणि दायभाग या वारशाच्या दोन पद्धतींतला फरक समजावून सांगत होता, आणि घटस्फोट हिंदूंना परका नाही, बहुसंख्य शूद्र जातींत तो चालीने आहेच, हे ठणकावत होता. परंपरेचे इतके बारीक वाचन त्यांच्या विरोधकांपैकी किती जणांनी केले होते? शिवाय काडीमोड त्या कायद्याने बुडवली नाही. चालीने मिळणारी फारकत कलम २९ मध्ये शाबूत ठेवली गेली. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने २००५ मध्ये.

महाडच्याच तळ्याचा दिवाणी दावा मात्र विसरला जातो. चवदार तळ्यावर अस्पृश्यांना बंदी घालणारी पुरातन रूढी आहे, असे स्पृश्य वादींचे म्हणणे होते. दहा वर्षे खटला चालून १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. का? तर तळे नगरपालिकेचे आहे आणि अशी रूढी अनादी काळापासून असल्याचा पुरावा आला नाही. बाबासाहेब जिंकले. पण पुरावा आला असता तर? पाणी पिण्याचा माणसाचा हक्क एखाद्या जुन्या दप्तरावर अवलंबून होता. ही भीती घटनेच्या सतराव्या कलमाने संपवली. चाल कितीही जुनी असली तरी अस्पृश्यता चालणार नाही, असे राज्याने एकदाचे सांगितले.

मग तोच न्याय लग्न आणि वारशाच्या धार्मिक नियमांना का लागू नाही? इथे १९५१ चा मुंबई उच्च न्यायालयाचा नरसू आप्पा माळी खटला वाटेत उभा आहे. न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर, दोघेही पुरोगामी. द्विभार्याबंदीचा मुंबईचा १९४६ चा कायदा त्यांनी योग्य ठरवला, ते उत्तमच झाले. पण जाता जाता त्यांनी असेही म्हटले, की घटनेच्या तेराव्या कलमातल्या 'कायदा' या कल्पनेत वैयक्तिक कायदा बसत नाही, म्हणून तो मूलभूत हक्कांच्या कसोटीवर घासता येत नाही. माझ्या मते ही त्यांची चूक होती, आणि आपण ती सत्तर वर्षांहून अधिक काळ वाहतो आहोत. जो नियम सरकारी न्यायाधीश लावतो, सरकारी बेलिफ बजावतो, ज्याच्या जोरावर सात-बाऱ्यावरचे नाव बदलते, तो कायदा नाही तर काय आहे? मंदिरात, मशिदीत, घरात माणूस जी आज्ञा आपखुशीने पाळतो तिच्यात सरकारने डोकावू नये. बेलिफाने बजावलेली आज्ञा मात्र घटनेला उत्तर देण्यास बांधील असली पाहिजे.

२०१७ च्या तिहेरी तलाकच्या निकालात ही वाट थोडी मोकळी झाली. न्यायमूर्ती नरिमन आणि लळित यांनी म्हटले, की १९३७ चा शरियत कायदा विधिमंडळाने केला आहे, त्याने ज्याला मान्यता दिली तेही कायद्यातच आले, म्हणून त्याला कसोटी लागते. न्यायमूर्ती कुरियन जोसेफ वेगळ्या रस्त्याने तिथेच पोचले: जे कुराणालाच मंजूर नाही ते कायद्याने कसे मंजूर करावे? तीन विरुद्ध दोन असा तो निकाल. याच तिहेरी तलाकविरुद्ध हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईच्या विधानभवनावर मोर्चा नेला होता तो १९६६ च्या एप्रिलमध्ये. त्यांची हयात दगड आणि शिव्या झेलण्यात गेली. त्यांना हा दिवस दिसायला हवा होता.

गोव्याचे उदाहरण समान नागरी कायद्याच्या चर्चेत हमखास येते. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथे आजही बव्हंशी चालते, लग्न होताच पती-पत्नी मालमत्तेत निम्मे-निम्मे भागीदार होतात, आणि मुलामुलींचा राखीव वाटा बापाला मृत्युपत्राने हिरावता येत नाही. उर्वरित भारताने शिकावे असे त्यात पुष्कळ आहे. पण तोही सपाट, एकसारखा कायदा नव्हे. १८८० च्या हुकमाने हिंदूंचे काही रिवाज वेगळे राखले, त्यात मूल किंवा मुलगा नसल्यास काही अटींवर दुसऱ्या लग्नाची मुभाही होती, आणि चर्चमध्ये लागलेल्या लग्नांना निराळे नियम मिळाले. उत्तराखंडाने २०२४ मध्ये संहिता केली, तिच्यातून अनुसूचित जमाती वगळल्या.

मी समान नागरी कायद्याच्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावाने होणाऱ्या घोषणांनी माझे समाधान होत नाही. देशासाठी असा कायदा करायचा तर मसुदा आधी लोकांच्या हाती पडावा, आणि तोही मराठीसह सर्व भाषांत. त्यात कलम ९ आहे की गेले? चालीने होणाऱ्या काडीमोडीचे काय केले आहे? हिंदू अविभक्त कुटुंबाची करसवलत राहणार का? शेतजमिनीतला बहिणीचा वाटा हक्कसोडपत्रावर सही घेऊन काढून घेतला जातो, त्याला आळा आहे का? पुढचे लेख वाचताना वाचकाने हे प्रश्न जवळ ठेवावेत. लेखकांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत आणि माझी त्यांतल्या दोघा-तिघांशी अजिबात जुळत नाहीत, विशेषतः नरसू आप्पा माळी खटल्याबद्दल. संपादकांनी ते मतभेद तसेच ठेवले याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.